हनीफ मास्टरचे सात कोटी

माझी कंबर अडतीस भरली, तेव्हा हनीफ मास्टरचा चेहरा पडला. टेप माझ्या पोटाभोवती तसाच धरून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तशा आवाजात म्हणाले, "सर, अडतीस भरून राह्यली. दोनानं तुटते."

मी म्हटलं, जेवण कमी करतो. ते म्हणाले, तेवढी वाट पाहायचं कारण नाही, आणि त्यांनी वहीत सदतीस लिहून टाकलं. सदतीस कुणानंच तुटत नाही. ती पँट मी वर्षभर वापरली. तिच्यात उभं राहता येत होतं, चालता येत होतं, फक्त बसता येत नव्हतं. त्या वर्षी शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी शेरा लिहिला की गणिताचे सर वर्गात एकदाही खुर्चीवर बसत नाहीत, इतरांनी आदर्श घ्यावा.

आमचे मुख्याध्यापक छत्तीस निघाले. त्यांचं माप घेऊन झाल्यावर मास्टर मला हळूच म्हणाले, "छत्तीसचा मानूस कोनाच्याबी हाती लागते. दोन, तीन, चार, सहा, नऊ, बारा, अठरा. ज्यानं यावं त्यानं भाग घालावा." मुख्याध्यापकांना मी बावीस वर्षं ओळखतो. त्यांचं याहून नेमकं वर्णन आजवर कुणी केलेलं नाही.

नांदुऱ्यात स्टेशनकडून बाजाराकडे येताना डाव्या हाताला हनीफ मास्टरचं टेलरिंगचं दुकान आहे. पुढे दुकान, मध्ये चिंध्या जोडून शिवलेला पडदा, मागे घर. मुलगा सुरतेला असतो. घरात मास्टर आणि त्यांच्या बायको जुबेदाभाभी, दोघंच. मी वडनेर भोलजीहून रोज बसने येतो आणि शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यावर पुंडलिकच्या टपरीवर चहा घेतो. टपरी मास्टरच्या दुकानाला लागूनच आहे, त्यामुळे मास्टर मला चहाइतकेच नियमित मिळतात.

अविभाज्य मापांची ही लागण मास्टरना कशी झाली हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण जंतू मीच दिला.

साडेतीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पँट आखूड करायला गेलो होतो. मास्टर भजी खात होते, आणि भज्यांची पुडी कुठल्याशा जुन्या गणिताच्या मासिकाच्या पानाची होती. तेलानं पान पारदर्शक झालेलं. मास्टरनी शेवटचं भजं तोंडात टाकता टाकता विचारलं, "सर, मूळ संख्या म्हंजे काय असते?"

मी गणिताचा शिक्षक आहे, म्हणजे गणिताशी माझा संबंध शाळेच्या घंटेपुरता आहे. घंटेच्या बाहेर कुणी गणित विचारलं की मला चोरी पकडल्यासारखं होतं. तरी सांगितलं, की एक आणि ती स्वतः एवढे दोघं सोडले तर जिला कुणीच पूर्ण भागू शकत नाही, ती मूळ संख्या.

"कोनीच नाई?"

"कुणीच नाही."

मास्टर बराच वेळ चावायचे थांबले. मग म्हणाले, असा माणूस आपण आयुष्यात एकच पाहिला, आपले सासरे.

त्या तेलकट पानावर एक संख्या छापली होती. ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. पान सांगत होतं, की ही मूळ संख्या आहे. एवढंच नाही, तर तिच्या उजवीकडचा एक आकडा काढून टाका, उरते तीही मूळ संख्या. आणखी एक काढा, तीही मूळ. असं करत करत शेवटी नुसता सात उरेपर्यंत काढत जा, एकदाही तिला भाग जात नाही. आणि उजवीकडून कापून टिकणारी याहून मोठी संख्या जगात नाही.

मास्टरनी वर्तमानपत्राची पट्टी फाडली, तिच्यावर खडूनं मोठ्या अक्षरात ते आठ आकडे लिहिले आणि कैची घेतली. उजवीकडचा तीन कापला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पुढचा तीन कापला. मग एक, मग नऊ. शेवटी चिमटीत नुसता सात राहिला. जमिनीवर पडलेल्या तुकड्यांकडे पाहून ते म्हणाले, "चाळीस वर्सं कापून राह्यलो सर. कापलं का धागे सुटतेच. ह्याचे सुटत नाई."

मी पँट घेऊन निघालो असतो तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मास्टरनी विचारलं की हे खरं कशावरून. मी म्हटलं, छापलंय.

"कागद म्हनते. कागदाले काय लागते म्हनाले? दुसऱ्यानं घेतल्या मापावर मी आजपावेतो कैची चालवली नाई. हा नंबर मी सोता मोजीन."

आता इथे थोडं गणित सांगावं लागेल. घाबरू नका, मीही घाबरतो. एखादी संख्या मूळ आहे का हे हातानं तपासायचं तर तिला लहान लहान मूळ संख्यांनी एकामागून एक भागून पाहायचं. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, असं. कुठे बाकी शून्य आली की संपलं, ती तुटली. मात्र शेवटपर्यंत जावं लागत नाही. आठ हजार सहाशेला आठ हजार सहाशेनंच गुणलं तर उत्तर मास्टरच्या संख्येच्या पुढे जातं. म्हणजे तिचे दोन तुकडे पडणार असतील तर त्यातला एक तरी आठ हजार सहाशेच्या आत सापडायलाच हवा. तिथपर्यंत कुणी सापडला नाही की संख्या सुटली, निर्दोष.

मी हे मास्टरना समजावून सांगितलं आणि शाळेच्या प्रिंटरवर आठ हजार सहाशेपर्यंतच्या मूळ संख्यांची यादी काढून दिली. हजारावर निघाल्या. मला वाटलं होतं, यादीचा आकार पाहून माणूस शुद्धीवर येईल. मास्टरनी ती शिलाईचे भाव लिहिलेल्या पाटीवर चिकटवली. तेव्हापासून गिऱ्हाइकांना भाव दिसत नाहीत.

त्याच दिवशी बसमध्ये मी मोबाइलवर ती संख्या घालून पाहिली. एका सेकंदात उत्तर आलं, मूळ आहे. हे मी मास्टरना सांगितलं नाही. पुंडलिकला तेवढं सांगितलं, आणि तोही म्हणाला, नका सांगू सर, म्हातारं कामाला लागलंय.

मास्टर दिवसाला एकच भाजक घेत. दुपारी दोन ते चार शटर अर्ध्यावर ओढून आत जात. नवखी गिऱ्हाइकं समजत की झोपतात. चार वाजता बाहेर येऊन टपरीवर निकाल सांगत. पुंडलिक दूध उकळत असतानाच विचारायचा, "गेला का?" मास्टर म्हणायचे, "नाई गेला," आणि बाकी किती उरली ते सांगायचे. मग पुंडलिक साखर-चहापत्तीच्या हिशेबाच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहायचा, तेरा, उरले आठ.

हळूहळू आख्ख्या रस्त्याला सवय लागली. सायकलवरून जाणारा माणूस पाय न टेकता ओरडून विचारायचा, गेला का. आतून चार जण ओरडायचे, नाही गेला. लोकांना यात नेमकं काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, पण नांदुऱ्यात काहीतरी टिकून आहे याचंच त्यांना बरं वाटत असावं.

वरवट बकालचे एक गृहस्थ सुरुवातीच्या दिवसांत दिवसाआड नांदुऱ्याला येत होते. पहिल्या दिवशी त्यांनी टपरीवर ऐकलं, "गेला का?" "नाई गेला. आठ उरले." दोन दिवसांनी पुन्हा ऐकलं, "नाई गेला. सहा उरले." तिसऱ्या खेपेला ते खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून थेट मास्टरच्या दुकानात आले आणि बाकड्यावर बसले. मग म्हणाले, जे होतं ते बऱ्यासाठीच होतं, माणसानं फार हाल काढू नयेत. आणि हळूच विचारलं, "कोन हाय, वडील का?"

मास्टर शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाले, "सात कोटी एकोनचाळीस लाख एकोनचाळीस हजार."

तो आकडा ऐकून गृहस्थांचं दुःख एकदम वाढलं. इस्टेट एवढी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

तिसरा महिना लागला. ऐन लग्नसराईचे दिवस. दुकानात एका नवरदेवाचा कोट एका बाहीवर येऊन थांबला होता, दुसरी बाही कापून ठेवलेली. त्या दिवशीचा भाजक होता तीनशे सदुसष्ट. चार वाजून गेले तरी शटर उघडलं नाही. साडेचारला मास्टर बाहेर आले. पुंडलिकनं नेहमीसारखं विचारलं, "गेला का?"

"गेला," मास्टर म्हणाले.

पुंडलिकचं शेगडीवरचं दूध उतू गेलं. मास्टरनी चहा घेतला नाही. आत जाऊन शटर खालपर्यंत ओढलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. तिसऱ्या दिवशी बंद. नवरदेवाचा बाप दोनदा येऊन शटर वाजवून गेला. पुंडलिकनं फळ्यावर तीनशे सदुसष्ट लिहून पुढची जागा मोकळी सोडली होती. मला म्हणाला, "सर, तुमचा मोबाइल तं म्हनत होता का तुटत नाई म्हनून."

तेच तर. मोबाइल चुकला नव्हता, म्हणजे मास्टर चुकले होते. चूक काढणं हा माझा धंदाच आहे. दुपारी मधल्या सुट्टीत मी मास्टरच्या घरी मागच्या दारानं गेलो.

घराचा तो भाग मी पहिल्यांदाच पाहत होतो. एक खाट, एक कूलर, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे. खाटेवर जुबेदाभाभी बसल्या होत्या. साखरेच्या आजारानं त्यांची नजर पूर्ण जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, हे मला ठाऊक होतं. त्याआधी चाळीस वर्षं दुकानातलं सगळं काज-बटण त्या हातानं करत. नांदुऱ्यातल्या निम्म्या छात्यांवर त्यांचे टाके असतील. नजर गेल्यावर त्या दिवसभर काय करत असतील, हा विचार मात्र माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

माझ्या खोकल्यावरून त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "या सर. बसता का, का आजबी उभेच?"

मास्टर भिंतीशी मांडी घालून बसले होते. दाढी वाढलेली. मी वही मागितली. त्यांनी ती देताना हात जरा आखडता घेतला, पण तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही. मी उत्साहात होतो.

वहीत एका पानावर एक भागाकार, खाली तारीख. आणि हा सगळा उद्योग मास्टर एकटे करत नव्हते, हे मला तिथे बसल्यावर कळलं. मास्टर आकडे वाचत आणि लिहीत. गुणाकार भाभी तोंडी करत. एरवी दोघं घरात हिंदी बोलतात, पण गणित मराठीत, कारण भाभींचे पाढे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतले, चौथीपर्यंतचे आणि पोलादी. हातचा लक्षात ठेवायला त्यांच्या मांडीवर शर्टाच्या बटणांची स्टीलची वाटी असे. हातचे सहा असले की सहा बटणं तळहातावर काढायची, पुढचा गुणाकार झाला की एकेक बटण वाटीत टाकत आवाजावर मोजायचं आणि मिळवायचं. दोन वाजल्यापासून चार वाजेपर्यंत.

मी तीनशे सदुसष्टचा भागाकार तपासायला घेतला. पहिल्यांदा केला तेव्हा मलाच भलतं उत्तर आलं. दुसऱ्यांदा आणखी भलतं. भाभी शांतपणे ऐकत होत्या, त्यामुळे मला घाम फुटला. तिसऱ्यांदा नीट जमलं. सगळं बरोबर होतं, शेवटची पायरी सोडून. तिथे तीनशे सदुसष्ट नव्वे करायचे होते. सात नव्वे त्रेसष्ट, तीन लिहिले, हातचे सहा. सहा नव्वे चोपन्न आणि सहा, साठ. वहीत साठऐवजी एकसष्ट धरले होते. म्हणून तीन हजार तीनशे तीनच्या जागी तीन हजार तीनशे तेरा आले, आणि वरही नेमके तेवढेच होते. वजा केलं, शून्य. खरी बाकी दहा होती.

मला भयंकर आनंद झाला. बावीस वर्षांत इतक्या उपयोगाची चूक मला सापडली नव्हती. मी मोठ्यानं म्हणालो, "मास्टर, हातचे सहा. तुम्ही सात घेतले. संख्या शाबूत आहे तुमची."

मास्टर आनंदले नाहीत. त्यांनी आधी भाभींकडे पाहिलं.

भाभींचा हात वाटीत होता, तो तिथेच थांबला. त्या म्हणाल्या, "सात मी म्हनलं होतं."

"तू सहाच म्हनलं," मास्टर म्हणाले. "मीच सात ऐकलं. मले कमी ऐकू येऊन राह्यलं आजकाल, तुले म्हाईत नाई का?"

"कवापासून?"

"दोन-चार महिने झाले. सांगतलं नाई तुले."

भाभींनी तोंड त्यांच्या आवाजाकडे वळवलं. मग म्हणाल्या की सरांना चहा तरी द्या, माणूस सुट्टी बुडवून आलाय.

मी निघालो तेव्हा मास्टर मला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आले. मी आपला खुशीत सांगत होतो, की कानाचं मशीन चांगलं मिळतं आता, अकोल्याला माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे. मास्टर थांबले.

"माह्ये कान चांगले हायत सर."

मला काही कळेना.

ते म्हणाले की सात बटणं त्यांनी त्याच वेळी पाहिली होती, भाभींच्या तळहातावर. सहा घ्यायची होती, दोन एकाच चिमटीत आली. भाभींना ते समजलंच नाही. नंतर एकेक करून वाटीत टाकली आणि मोजली तर सात वाजली, म्हणून सात मिळवले. हिशेब त्यांचा कुठेच चुकला नव्हता.

"बोटाले लागत नाई आता तिच्या," मास्टर म्हणाले. "साखर बोटात उतरली. डोळे गेले तवा रडली नाई ती. मले म्हने, बोटं हायत अजून."

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं, की हातचे सहा.

"सांगतलं असतं तं तिनं इचारलं असतं, सात कसे आले. मंग काय सांगू? नंबर मोडते तं मोडू दे म्हटलं."

तीन दिवस ते त्या भिंतीशी का बसून होते, हे मला तेव्हा समजलं. आणि मी घरात शिरून केवढ्या मोठ्यानं ओरडलो होतो, हेही समजलं. मास्टरच म्हणाले, बरं झालं सर आले, आता बहिरेपणावर भागेल.

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं. पुंडलिकनं फळ्यावरची मोकळी जागा भरली, उरले दहा. नवरदेवाचा कोट वेळेवर गेला, फक्त त्याला शर्टाची बटणं लावलेली होती. नवरदेवाच्या बापानं तक्रार केली तेव्हा मास्टरनी कानामागे हात नेला आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही. कोटाची मोठी बटणं, रुपयापेक्षा दांडगी, सगळीच्या सगळी भाभींच्या वाटीत गेली होती. त्यांना सांगितलं होतं, की शर्टाच्या बटणांची आता फॅशनच राहिली नाही, कंपनीच बंद झाली.

तेव्हापासून मास्टर ठार बहिरे आहेत. भाभींच्या कानावर पडेल एवढ्या अंतरात तर नक्कीच, आणि पडदा पातळ असल्यामुळे दुकानातही. त्यांच्याशी बोलताना आम्हा सगळ्यांना ओरडावं लागतं. पुंडलिकला खरं माहीत आहे, मला आहे, आणि मला शंका आहे की पडद्यामागेही माहीत आहे. कारण एकदा मी दुकानात कुजबुजत काही विचारलं आणि मास्टरनी कुजबुजत उत्तर दिलं, तेव्हा आतून भाभींचा आवाज आला, "सर, जोरानं बोला. त्यायले ऐकू येत नाई."

दिवसाला एक, शुक्रवारी सुट्टी, असं करत ती यादी खाली उतरत गेली. हजार ओलांडले, पाच हजार ओलांडले. पुंडलिकनं नवा फळा घेतला. मध्ये भाभी दोनदा दवाखान्यात राहिल्या. दोन्ही वेळा मास्टरनी वही तिकडे नेली आणि दोन ते चारमध्ये नर्सला खोलीत येऊ दिलं नाही.

गेल्या आठवड्यात मी पाहिलं तर आठ हजार पाचशे एकवीस झाले होते. जेमतेम नऊ भाजक उरले. मी मोजून मास्टरना सांगितलं, की आता दहा दिवसांत निकाल. मला वाटलं, खूश होतील. ते काज करत होते, करतच राहिले. भाभींइतकं सुबक काज त्यांना अजून जमत नाही.

मग मला राहवलं नाही. साडेतीन वर्षं पोटात ठेवलेलं मी सांगून टाकलं, की पहिल्याच दिवशी मी मोबाइलवर पाहिलं होतं, संख्या मूळ आहे, तुटत नाही. हळूच सांगितलं, ओरडून नाही.

मास्टरनी दोरा दातानं तोडला. म्हणाले, "मलेबी त्याच दिवशी समजलं होतं. सुरतेच्या पोरानं फोनवर पाह्यलं. एक सेकंद लागला त्याले."

कागदावर भरवसा नाही, दुसऱ्याच्या मापावर कैची चालवत नाही, हे सगळं ते मला त्या दिवशी भजी खाऊन सांगत होते, आणि मी ते आजवर चहाच्या टपरीवर शंभर जणांना सांगितलं होतं.

त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "हा तं सरत आला सर. दुसरा हाय का एखादा? मोठा पाहा."

मी म्हटलं, उजवीकडून कापायचा तर याहून मोठा नाहीच. ते म्हणाले, उजवीकडूनच पाहिजे असं काही नाही.

त्या संध्याकाळी मी बसमध्ये शोधलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा गणित शोधताना माझा थांबा चुकला. डावीकडून कापत गेलं तरी शेवटपर्यंत मूळच राहणारी अशी एक संख्या सापडली. तिच्याही वर कुणी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मी दुकानात नेली. ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७.

मास्टरनी पेन्सिलीचं टोक टेकवत आकडे मोजले. चोवीस भरले. पुन्हा एकदा मोजले. मग विचारलं, दिवसाला एक धरला तर हा किती दिवस पुरेल.

मी म्हटलं, "मास्टर, कोट्यवधी वर्षं लागतील. तोपर्यंत नांदुरा राहणार नाही."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

"एवढे नाई लागनार," ते म्हणाले. "आमच्या आधी सरला नाई पायजे, बस."

दोन वाजत आले होते. त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि आत गेले.